वहिनी, वाजला?

भावजी,

‘रविवारी ठरवू’ म्हणालात आणि रविवार यायच्या आत गेलात. दोन्ही पॅड तुमच्या पलंगावर तसेच राहिले, एक उशीकडे, एक पायथ्याशी. त्यांतला ईराचा कुठला, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

हे तुम्हाला लिहितेय, पण ईरा आणि ओवीही वाचणार आहेत. अनिरुद्धने तसं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. नेदरलँड्समध्ये वाढणाऱ्या त्याच्या मुलींना, माझ्या नातींना, आपल्या डोंबिवलीच्या घरातलं सगळं ठाऊक असेलच असं नाही. तेव्हा तुम्हाला माहीत असलेल्या काही गोष्टी पुन्हा सांगाव्या लागतील. तुम्ही त्या सोडून पुढे वाचा. नाहीतरी माझं बोलणं लांबलं की तुम्ही मधलं सोडूनच ऐकायचात, चांगलं ऐकू येत होतं तेव्हासुद्धा.

तर मुलींसाठी: तुम्ही त्यांचे छोटे आजोबा, त्यांच्या आजोबांचे धाकटे भाऊ. दिवसा कंपनीचं स्टोअर सांभाळायचात आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचात. ऑक्टोपॅड म्हणजे पाटाएवढं एक काळं यंत्र. त्यावर रबराचे आठ चौकोन, चार वर, चार खाली. एकावर काडी मारली की ढोलकी वाजते, दुसऱ्यावर मारली की डफ, तिसऱ्यावर घुंगरू. लग्नात, गरब्यात, वाढदिवसांना एकटा माणूस आठ वादकांचं काम करतो. आणि त्या आठ चौकोनांनाही पॅडच म्हणतात, त्याला मी काय करणार. मी कितीदा म्हटलं, की आख्ख्याला एक नाव द्या आणि तुकड्याला दुसरं. तुम्ही म्हणायचात, ‘वहिनी, वाजवणाऱ्याला घोटाळा होत नाही.’

मला मात्र घरात तुमचं वाजवणं कित्येक वर्षं ऐकूच आलं नव्हतं. तुम्ही हेडफोन लावून सराव करायचात. ढोलकी तुमच्या कानात, आणि आम्हाला मिळायची ती रबरावरची टपटप. मी बाजूच्या खोलीत शाळेच्या वह्या तपासत असायचे आणि भिंतीपलीकडे कुणीतरी तासन्‌तास भेंडी चिरतंय असं वाटायचं. कधीमधी कार्यक्रमाला यायचे तेव्हा स्टेजवरचे तुम्ही आणि ती टपटप, यांचा मेळ मला लावता यायचा नाही. पुढे तुम्ही खालच्या मजल्यावरच्या खोलीत राहायला गेलात, आता तिथे ती टपटपही नाही. घर शांत झालंय असं सगळे म्हणतात. मला ते आधीही शांतच वाटायचं. ही निराळी शांतता आहे.

जुना पॅड घ्यायचा तर तुम्हाला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, असा कल्याणपासून ठाण्यापर्यंत वाजवणाऱ्यांचा शिरस्ता होता. नवे पॅड दुकानात मिळतात, त्यांत हजार आवाज असतात. पण इथल्या लोकांच्या कानात ज्या पॅडची ढोलकी बसलीय ते पॅड कंपन्यांनी बनवणं कधीच बंद केलं. म्हणून जो तो जुन्याच्या शोधात. फोन यायचा, ‘काका, एक मिळतोय, बघायला येता का?’ आणि रविवारी सकाळी तुम्ही आणि तुमचे दादा बाहेर पडायचात. यांना त्यातलं काही कळत नाही, नुसते सोबतीला जातात आणि मिसळ खाऊन येतात, असं मी धरून चालले होते. शर्टावर तर्रीचे डाग असायचे, त्यामुळे पुरावाही होता.

तुमची निवडायची पद्धत मला पुढे पाठ झाली. आधी पॅड उलटा करायचा. स्क्रूची डोकी झिजलेली दिसली तर आत बऱ्याच जणांनी हात घातलाय. मग अंगठ्याने रबर दाबायचं, मऊ आहे की त्याचा दगड झालाय. मग उचलून हनुवटीला लावायचा आणि हलकेच हलवायचा. आत काही सुटलं असेल तर हाडाला कळतं म्हणायचात. मग स्क्रूच्या खाचेत नख घालून खरवडायचात. हे कशासाठी ते मला बरेच दिवस समजलं नव्हतं. तुम्ही कुंकू शोधत असायचात.

दसऱ्याला जो तो आपलं हत्यार पुजतो. वाजवणारा आपल्या पॅडला हळदकुंकू वाहतो. वरचं पुसलं जातं, पण खाचेत गेलेलं वर्षानुवर्षं तिथेच बसतं. ‘ज्याला कुंकू नाही तो पॅड कुणाचाच नव्हता, वहिनी. नुसता पडून होता.’

माझा या बाबतीत तुमच्याशी कायमचा वाद. मला वस्तू स्वच्छ लागते. माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात, किल्ल्यांवर रंगीत दोरे असतात. दुसऱ्याच्या घरचं कुंकू खाचेत साचलेली वस्तू चांगली कशी, हे तुम्ही मला कधीच पटवून देऊ शकला नाहीत. आणि तरी, हे गेल्यानंतरचा पहिला दसरा आठवतो. मी देव्हाऱ्यापासून लांब बसले होते. पूजेला समोरच्या वहिनींना बोलवायचं कुणीतरी परस्पर ठरवलं होतं. तुम्ही पॅड पाटावर ठेवलात, हळदकुंकवाची कोयरी उचललीत आणि माझ्या मांडीशी आणून ठेवलीत. ‘दर वर्षी तुम्हीच लावता. पॅडला तुमच्या हाताची सवय आहे.’ समोरच्या वहिनी दारात चपला काढत होत्या. तुम्ही त्यांना म्हणालात, ‘या, प्रसाद घेऊन जा.’

त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही. तुम्हीही कधी विषय काढला नाहीत.

हे गेल्यावर तुम्ही पॅड बघायला जाणं बंद केलंत. फोन आले की ‘आता फिरणं होत नाही’ म्हणायचात. फिरणं तर होत होतं. दूध आणायला, पेन्शनसाठी, माझी औषधं आणायला रोज बाहेर पडत होतात. मी समजले, मन लागत नाही.

मग एकदा आपण कल्याणला एका साखरपुड्याला गेलो होतो. तिथेच कुणीतरी तुम्हाला गाठलं. काका, दोन गल्ल्या सोडून एक पॅड आलाय, पाच मिनिटं. मला एकटीला घरी पाठवायचं नाही म्हणून मलाही घेतलंत. छोटीशी खोली, चार-पाच माणसं, बाहेर पाण्याची मोटर चाललेली. तुम्ही पॅड उलटा केलात, दाबलात, खरवडलात. शेवटी स्पीकर जोडून वाजवायला बसलात. काडी घेतलीच नाहीत. मधल्या बोटाचं टोक, तेही झोपलेल्या बाळाच्या गालाला लावावं इतकं हळू. ‘जोरात मारलं तर पत्र्याचा डबाही वाजतो,’ तुम्ही त्या माणसांना म्हणालात. ‘हळू मारून वाजला तर तो पॅड.’

पहिला चौकोन. दुसरा. मग मान वर करून माझ्याकडे बघितलंत.

‘वहिनी, वाजला?’

माणसं हसली. वहिनींची गंमत करताहेत असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं. पण मी आयुष्यभर पोरांना डिक्टेशन घातलंय. विचारलं की नेमकं उत्तर द्यायची सवय.

‘पहिला वाजला,’ मी म्हटलं. ‘हा नाही.’

पुन्हा बोट टेकवलंत. ‘आता?’

‘आता वाजला. पण पहिल्यापेक्षा कमी.’

असं करत पुढे गेलात. सहाव्याला बोट खाली आलं आणि रबराच्या जेमतेम वर थांबलं. ‘वाजला?’

‘भावजी, तुम्ही वाजवलाच नाहीत.’

पुन्हा सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. मग त्या माणसांना म्हणालात, ‘घेऊ नका हा. वरचा दुसरा दमलाय.’

परतताना रिक्षात मी तुमच्या डाव्या हाताला बसले होते. पेढ्यांचा पुडा तिथेच राहिला का, असं विचारलं. तुम्ही समोर बघत होतात. पुन्हा विचारलं. तरी समोरच. पत्रीपुलावर रिक्षा अडकली तेव्हा तुम्हीच म्हणालात, ‘पुढच्या रविवारी ठाण्याला एकाकडे बोलावलंय. येता?’

‘मला काय कळतं त्यातलं?’

‘तुम्हाला खोटं बोलता येत नाही. तेवढं पुरे.’

बस, एवढ्यावरच झालं ते. तुम्हाला ऐकू येईनासं झालंय, हे वाक्य आपल्या दोघांत कधी उच्चारलं गेलं नाही. इतकी वर्षं कानाशी स्पीकर, त्याचंच ते देणं असणार. ज्या माणसाला लोक कानासाठी बोलावत होते त्याचेच कान गेले, हे बाहेर कळलं असतं तर पुन्हा एकही फोन आला नसता. आज ते इथे लिहून मीच उघड करतेय. तुम्हाला आवडणार नाही. पण मुलींना ते माहीत नसेल, तर पुढचं काहीच कळणार नाही.

ठाण्याला निघताना जिन्यात तुम्ही मला पद्धत सांगितलीत. ‘तोंडाने नका सांगू. मांडीवर पर्स ठेवा, पर्सवर हात. वाजला की बोट उचला.’ मला वाटलं, लोकांसमोर शोभा नको म्हणून. मग आपले रविवार सुरू झाले. ठाणे, कल्याण, एकदा टेंभी नाक्यामागे तिसऱ्या मजल्यावर, जिथे मला पायऱ्या चढवेनात आणि तुम्ही खालून खुर्ची आणवलीत. लोकांना वाटायचं, काका वहिनींना फिरवून आणतात. माझ्यापुढे चहा-बिस्किटं ठेवायचे. मी बोट उचलत होते. तुम्ही मान खाली घालून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते टिपत होतात. आणि प्रत्येक वेळी, कुठेतरी मध्येच, बोट रबरापर्यंत न नेता थांबवत होतात. माझं बोट तेव्हा एकदाही उचललं गेलं नाही. येताना मिसळ व्हायची. तर्री तुम्हाला, पाव मला.

मी एकदाच आडून प्रयत्न केला. ‘आमच्या शाळेतल्या जोशीबाईंनी कानाचं यंत्र घेतलंय. छान चाललंय त्यांचं.’

‘त्यांना काय ऐकायचंय एवढं? सुनेचं?’

‘भावजी, मी गंभीरपणे बोलतेय.’

‘मग मीही गंभीरपणे सांगतो. कानात यंत्र बघितलं की लोक म्हणतील, काकांना कशाला विचारायचं, यंत्रालाच विचारू. आणि मला आहे ना.’ असं म्हणून तुम्ही माझ्या पर्सकडे बोट दाखवलंत.

यंत्र घ्यायला हवं होतं, हे माझं मत अजूनही तेच आहे. तुम्ही गेलात म्हणून वाद तुम्ही जिंकलात असं होत नाही.

मग उन्हाळ्यात ईराचा फोन आला. तिला ड्रम शिकायचाय आणि त्यांच्या इमारतीत आवाज चालत नाही. छोट्या आजोबांसारखा हेडफोनवाला पॅड हवाय, आणि जुनाच हवाय. तुम्ही फोन कानाला लावून नुसतं ‘हो, हो’ म्हणत होतात. अर्धं ऐकू आलं नव्हतं, ते मी नंतर लिहून दाखवलं. तो कागद तुम्ही घडी करून खिशात ठेवलात. मी म्हटलं, तुमचाच द्या की. ‘माझा माझ्यासारखाच झालाय,’ तुम्ही म्हणालात. ‘आणि मी झिजवलेला कशाला? तिला तिचा झिजवू दे.’

दोन निवडलेत. एक घोडबंदर रोडच्या एका उंच इमारतीतून आणलात. कुणीतरी हौसेने घेतलेला, मूळ पिशवीसकट, रबर कोवळं, खाचा कोऱ्या. त्या दिवशीच्या ट्रॅफिकमध्ये आपला दुपारचा चहा टॅक्सीतच झाला. दुसरा आंबिवलीच्या मोऱ्यांचा. मोरे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. आता बोटं आखडतात म्हणून त्यांनी सोडलंय. त्यांच्या पॅडच्या प्रत्येक खाचेत कुंकू होतं. मी त्या दोघांना ‘घोडबंदर’ आणि ‘आंबिवली’ म्हणू लागले. चिठ्ठ्याही लावल्या.

‘पोरीला परदेशात पाठवायचा, तर घोडबंदरच,’ मी म्हटलं. ‘दुसऱ्यांचं कुंकू घेऊन कुठे जाणार ती?’

‘का? कस्टमवाले काढून घेतात का कुंकू?’

मग तुमच्या खोलीत बसून दोन्ही लावलेत. घोडबंदरच्या आठही चौकोनांना मी बोट उचललं. आंबिवलीचे सात वाजले. खालच्या ओळीतला तिसरा नाही वाजला. तुम्ही पुन्हा टेकवलंत. मी हात हलवला नाही. तिसऱ्यांदा टेकवलंत. तुमच्याच नियमाने निकाल लागला होता. तरी तुम्ही त्या तिसऱ्या चौकोनावर तळवा ठेवून बसून राहिलात. मी आपली वाट बघतेय. शेवटी म्हणालात, ‘रविवारी ठरवू.’

गुरुवारी दुपारी मी चहा घेऊन खाली आले. दार वाजवलं. तुम्ही उघडलं नाहीत, पण ते नेहमीचंच. तुम्हाला दार कधी ऐकू यायचं? माझ्याकडच्या किल्लीने उघडलं. हाक मारली. ऐकू आली नसेल म्हणून उजव्या बाजूला जाऊन पुन्हा मारली. चहा निवेल, म्हटलं. भावजी, तुमचे कान चांगले असते तर मला दारातच कळलं असतं. तुमच्या कानांनी मला तेवढा वेळ दिला, दारापासून पलंगापर्यंतचा.

अनिरुद्ध आला. सगळं रीतसर झालं. तेरावं उरकलं आणि त्याच्या परतीच्या विमानाचा दिवस जवळ आला. ईराने फोनवर एकदाच विचारलं, ‘आजी, छोट्या आजोबांनी माझा सिलेक्ट केला होता ना?’ मी म्हटलं, ‘हो, तुझे बाबा घेऊन येतील.’ आणि फोन ठेवल्यावर तुमच्या पलंगाशी येऊन उभी राहिले. तिला हवा होता तो तुम्ही निवडलेला. मी निवडलेला पाठवून तो तुमचा म्हणून सांगणं मला जमणार नव्हतं. तुम्ही त्या आंबिवलीच्या पॅडवर हात ठेवून का थांबलात, ते कळल्याशिवाय मला पुढे जाता येईना. आणि ते सांगायला तुम्ही नव्हतात.

आधी अनिरुद्धला वाजवायला लावलं. त्याचा हात इंजिनिअरचा, हळू म्हटलं तरी दार ठोठावल्यासारखा. सगळेच वाजले. ‘आई, दोन्ही चालू आहेत,’ तो म्हणाला. मग मीच बसले. इतकी वर्षं तुमचं बोट बघितलेलं. तसंच मधलं बोट घेतलं, तसंच टेकवलं. आणि मला समजेना, की ऐकू आलं की बोटाला कळलं. डोळे मिटून बघितलं. नाही. स्वतः वाजवलं की कान आणि बोट वेगळे काढताच येत नाहीत.

मोऱ्यांना फोन केला. ते दुसऱ्याच दिवशी आले.

‘वहिनी, माझा पॅड राहू दे तुमच्याकडे. घाई नाय काही.’

‘घाई मला आहे. अनिरुद्धला परवा निघायचंय. तुम्हाला काकांसारखं हळू वाजवता येईल?’

‘काकांसारखं कोणाला येतंय? पण शिकवलेलं त्यांनीच. बघतो, बोटं ऐकली तर.’

मी खुर्चीत बसले आणि पर्स मांडीवर घेतली. अनिरुद्ध म्हणाला, ‘आई, कुठे निघालीस का?’ मी म्हटलं, ‘असू दे.’ मोऱ्यांनी आंबिवलीचा पहिला चौकोन वाजवला. माझं बोट उचललं गेलं.

मोरे थांबले. माझ्या हाताकडे बघत राहिले.

‘हे तर दादांचं आहे,’ ते म्हणाले.

‘कुठल्या दादांचं?’

‘आपले दादा. काकांचे भाऊ, तुमचे मिस्टर. हा पॅड मी घेतलेला ना, तेव्हा दादाच बसलेले समोर. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर हात. काकांनी वाजवला की बोट वर. आम्ही पोरं हसायचो. काका बोलायचे, वाजवणाऱ्याला आपलं कळत नाय, त्याचं बोट त्याला फसवतं. समोर दुसरा लागतो, आणि तो खोटं न बोलणारा लागतो. काकांचे कान एवढे तिखट, पण दादांशिवाय त्यांनी कधी पॅड घेतला नाय.’

‘किती चौकोन वाजले होते तेव्हा?’ मी विचारलं.

‘आठच्या आठ. आठव्याला दादांनी दोन बोटं उचलली. काका बोलले, घे डोळे मिटून.’

तर मिसळ नव्हती ती. म्हणजे मिसळही होती. पण माझे हे त्या सगळ्या रविवारी तुमच्यासमोर पिशवी घेऊन बसत होते आणि घरी येऊन मला एका शब्दाने बोलले नाहीत. मी तर्रीचे डाग काढत राहिले. आणि मी इतके दिवस समजत होते, की तुमचे कान गेले म्हणून तुम्हाला मी लागते. मी तुमच्यावर उपकार करतेय, असंही कधीकधी मनात यायचं, ते तुमच्यापासून लपलं नसेल. भावजी, तुम्हाला कान कुठूनही मिळाले असते. तुम्ही यांची जागा तेवढी वर्षं रिकामी ठेवलीत आणि मग मला तिथे बसवलंत, जिन्यात उभं राहून, दोन वाक्यांत, जणू पर्स कशी धरायची एवढंच सांगताय.

मोरे पुढे वाजवत गेले. खालच्या ओळीतला तिसरा आला. त्यांनी बोट टेकवलं. मी ऐकलं. बाहेर कुणीतरी गाडी पुसत होतं, तो फडक्याचा आवाजही येत होता. पॅडचा नाही आला.

याच चौकोनाला यांनी कधीतरी बोट उचललं होतं. क्षणभर वाटलं, उचलावं. मोऱ्यांनाही चाललं असतं, अनिरुद्धला तर कळलंही नसतं, आणि ईराकडे तिच्या दोन्ही आजोबांनी मिळून निवडलेला पॅड गेला असता. तुम्हीही तळवा ठेवून याचीच वाट बघत होतात का? माझं बोट उचललं जाईल याची? तीनदा वाजवलंत तुम्ही तो. एरवी एकदाच वाजवता.

माझा हात पर्सवरच राहिला. तुम्ही मला नेत होतात ते एवढ्याचसाठी.

‘नाही वाजला, मोरे,’ मी म्हटलं.

‘माहितीये, वहिनी. मी काकांना घेतानाच बोललेलो, खालचा तिसरा दमलाय. ते बोलले, असू दे, एकदा घरी ऐकतो.’

घोडबंदरचे आठही वाजले. आंबिवलीचा मोऱ्यांबरोबर परत गेला. तो विकू नका, असं मी म्हणणार होते, तर दारात तेच म्हणाले, ‘आता कोण विकतंय हा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडबंदरचा पॅड पाटावर उलटा ठेवला. खाचा कोऱ्याच होत्या. माझं बोट त्यांत जाईना, तेव्हा काडीपेटीतली काडी घेतली आणि तिच्या मागच्या टोकाने एकेका खाचेत कुंकू भरलं. वरून पुसून घेतलं, स्वच्छ. पुसायची सवय काही जायची नाही.

‘आई, हे काय? कस्टममध्ये विचारतील,’ अनिरुद्ध म्हणाला.

‘सांग त्यांना, काढून घ्या म्हणावं.’

काल रविवार होता. दुपारी मुलींचा व्हिडिओ फोन आला. पॅड टेबलावर, ईरा समोर, आणि बाजूच्या स्टुलावर नऊ वर्षांची ओवी, मांडीवर शाळेचं दप्तर. अनिरुद्धने त्यांना दप्तरापर्यंत सगळं समजावलं होतं. ईराने मधलं बोट टेकवलं.

‘आजी, वाजला?’

मला ऐकू आलं नाही. अनिरुद्ध म्हणतो, हळू आवाजाला फोन खरखर समजतो आणि गाळून टाकतो. मुलीचं बोट रबरावर टेकलेलं दिसत होतं, आवाज काही नाही. मी कान पुढे केला. मग लक्षात आलं, की कान पुढे करून उपयोग नाही, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचं असतं. मी ओवीच्या दप्तराकडे बघितलं. तिचं बोट वर होतं.

दुसरा. बोट वर. तिसरा. वर. तुम्हाला माझं बोट कसं दिसत होतं, ते मला काल पहिल्यांदा दिसलं.

आणि मग खालच्या ओळीत ईराचं बोट रबराच्या जेमतेम वर येऊन थांबलं. हे मी अनिरुद्धला सांगितलं नव्हतं, भावजी. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पोरीला आपलं आपणच सुचलं. तिने बहिणीकडे बघितलंही नाही, माझ्याकडे बघून विचारलं, ‘वाजला?’

ओवीचा हात दप्तरावर तसाच होता.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘तू वाजवलाच नाहीस.’